खालच्या मजल्यावरच्या काकांना, आईच्या पाठीकडून थँक्यू

काका, नमस्कार,

हे व्हॉट्सअॅपवर पाठवलं असतं तर तुम्ही एक अंगठा टाकून विषय संपवला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० मोटरसायकल घेतली तेव्हापासून आईला मागे बसवून महाडला मामाकडे न्यायचं डोक्यात होतं, पण तिची कंबर अशी, मागे टेकायला काही नाही आणि सॅक पाठीला लावून ती बसणार नाही, म्हणून बॅकरेस्ट, दोन साइड बॉक्स आणि मागे एक टॉप बॉक्स असं काढता-घालता येणारं किट मागवलं (रोज ऐरोलीच्या ट्रॅफिकमध्ये एवढं रुंद धूड कोण घेऊन फिरणार). आलं ते कसं लावायचं त्या कागदाशिवाय, आणि एका बाजूचे बोल्ट आखूड. एक गॅरेजवाला म्हणाला, ताई दोन तासात ठोकून देतो. ते "ठोकून" ऐकूनच मी गाडी घरी आणली आणि पार्किंगमध्ये तुम्ही भेटलात.

रबाळे एमआयडीसीत फिटर म्हणून जन्म घालवलेला माणूस काय असतो ते तेव्हा कळलं. पाना हातात घ्यायच्या आधी सगळे बोल्ट नुसते हाताने दोन-दोन आटे लावून ठेवायला लावलेत, कारण एक बाजू आधी आवळली की दुसरीकडची भोकं जुळत नाहीत, मग माणूस जोर लावतो आणि आटे जातात. मग निळं लॉकटाइट (बोल्ट हादऱ्यांनी सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद), मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना. बॉक्स अडकवायचा लॅच थोडा खडखडत होता तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घातलीत, आता खड्ड्यातसुद्धा आवाज नाही. सायलेन्सरच्या बाजूला इंजिन गरम करून बॉक्सच्या मागे हात धरून बघितलंत, तोवर पुढचं काम नाही.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. बॅकरेस्टची उंची मी टेपने मोजत होते आणि तुम्ही म्हणालात, बसणार कोण, आईंना बोलव. ती आली तर तुम्ही तिला जॅकेट-हेल्मेट घालूनच बसवलंत, टेका खांद्याला लागतोय की कमरेला ते तिलाच विचारलंत, आणि एक भोक खाली घेतलंत. तिची टाच बॉक्सला लागत होती तर दोन्ही बॉक्स जरा मागे सरकवलेत. चढायचं कसं तेही शिकवलंत, मी दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, तिने डाव्या फूटरेस्टवर उभं राहून माझ्या खांद्याला धरायचं. आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा धरून.

टॉप बॉक्सचं मापही तुम्हाला पाठ, केंद्र सरकारच्या २०२० च्या नियमातलं, लांबी-रुंदी-उंची जास्तीत जास्त ५५० बाय ५१० बाय ५०० मिलिमीटर, आणि डबा मागच्या सीटच्या जागेत आला तर डबलसीट बसताच येत नाही. जड सामान खाली साइडला, दोन्हीकडे सारखं, वर फक्त रेनकोट नि खाऊ, नाहीतर पुढचं चाक हलकं होऊन हँडल थरथरतं. मागच्या शॉकअपची स्प्रिंग वजनाप्रमाणे कमी-जास्त कडक करायच्या ६ स्टेप असतात हे मला तुमच्याकडूनच कळलं.

पनवेल, पेण, वडखळला चहा, असं करत गेलो. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये माझीच पाठ धरली, आई मागे टेकून रस्त्यावरच्या बोर्डांवरची नावं वाचत होती. उतरल्यावर मामीने पाणी दिलं तर म्हणते, मी दमले नाहीये, हिला द्या. मग दोन्ही बॉक्स लॅच उघडून थेट पडवीत, मामा बघतच राहिला. येताना त्याने तांदूळ भरले, मी तुमच्या सांगण्यावरून दोन्हीकडे अर्धे-अर्धे वाटले, तो म्हणाला, दुकान घातलंयस का.

बोल्टांचे तेवढे पैसे घेतलेत, तेही बिल दाखवून, मजुरीचं नाव काढू दिलं नाहीत. लांब जाऊन आलं की बोल्ट परत चेक करायचे म्हणाला होतात ना, तर रविवारी सकाळी गाडी खाली आणते. तांदूळ आईने तुमच्यासाठी वेगळे काढलेत, ते नाही म्हणायचं नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची