जेवलीस का, याचं सविस्तर उत्तर

बेनिमाक्लेत, व्हॅलेन्सिया, स्पेन
१४ मे, गुरुवार

प्रिय आई,

तू रोज फोनवर विचारतेस ना, जेवलीस का, आणि मी रोज हो हो म्हणून विषय बदलते, तर आज त्याचं खरं उत्तर देते. तू फोन करतेस तुझ्या रात्री साडेनऊला, भांडी घासून ओटा पुसून झालेला, बाबा बातम्यांसमोर पेंगतायत. तेव्हा इथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. दुपारचं जेवून अडीच-तीन तास झालेत आणि रात्रीचं जेवायला अजून साडेतीन-चार तास आहेत, त्यामुळे हो म्हटलं तर खोटं आणि नाही म्हटलं तर तू झोपणार नाहीस. म्हणून हो.

हे सगळं टाईप करून दादाला पाठवतेय. दादा, मोठ्या अक्षरात प्रिंट काढ आणि आबांना मोठ्याने वाचून दाखव, फोनवर त्यांना माझं निम्मं ऐकूच येत नाही आणि शेवटचा भाग खास त्यांच्यासाठी आहे. मधलं गाळू नकोस.

तर इथला दिवस असा. सकाळी उठून नुसती कॉफी आणि एखादं बिस्किट. मग दहा-अकराच्या सुमारास खरी न्याहारी, तिला इथे एस्मोर्सारेत म्हणतात, हातभर लांब पाव, त्यात बटाटा घातलेलं जाडजूड ऑम्लेट, बाजूला ऑलिव्ह आणि भाजलेल्या शेंगा. हो, शेंगा! टरफलासकट. पहिल्यांदा समोर आल्या तेव्हा मी एकटीच हसत बसले होते. बांधकामावरचे मजूर, बँकेतले लोक, आमचे सर, सगळे काम सोडून अर्धा-पाऊण तास हे खात बसतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. दुपारचं जेवण दोन ते साडेतीन. रात्रीचं साडेनऊ-दहा.

तू म्हणशील पोटाची वाट लागेल. मलाही पहिले दोन महिने तेच वाटलं, ॲसिडिटीच्या गोळ्या संपल्या. मग मी हिशोब केला. ग्रीनविचची रेषा व्हॅलेन्सियाच्या अगदी जवळून जाते, म्हणजे खरं तर इथलं घड्याळ लंडनसारखं पाहिजे. पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळ तासभर पुढे करून जर्मनीच्या वेळेला लावलं ते परत मागे आलंच नाही, त्यात उन्हाळ्यात अजून एक तास पुढे. त्यामुळे आत्ता मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात दोन वाजायला आलेले असतात आणि मावळतो नऊनंतर. म्हणजे बघ, लोक भर बाराच्या उन्हात दुपारचं जेवतात आणि दिवेलागण झाली की रात्रीचं. आपल्या आजीचं वेळापत्रक यापेक्षा काय वेगळं होतं? चुकलेलं आहे ते घड्याळ, माणसं नाहीत. हे बाबांना सांग, त्यांना पटेल.

दुकानांचं मात्र मला अजून पचत नाही. मॉल सोडले तर छोटी दुकानं दोनला शटर ओढतात ते पाचला उघडतात, आणि रविवारी जवळपास सगळंच बंद. आल्याच्या पहिल्या रविवारी माझ्याकडे मीठसुद्धा नव्हतं, मशीनमधून वेफर्सची दोन पाकिटं काढून दिवस काढला. (हे तेव्हा सांगितलं नव्हतं, आता रागवू नकोस.) पण बाजारातली एक पद्धत मला फार आवडली. कोणी रांगच लावत नाही. आपण गेलं की विचारायचं, शेवटचं कोण? एखादी बाई म्हणते मी. बस, त्या बाईचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि मग कुठेही उभं राहा, गप्पा मारा, तिच्यानंतर आपण. आपल्या रेशनच्या दुकानात पिशव्या ठेवून नंबर लावायचे त्यातलाच प्रकार, फक्त पिशवीच्या जागी बाई. आणि पैसे द्यायच्या वेळी 'पगार' शब्द कानावर पडतो, कारण त्यांच्यात पगार म्हणजे पैसे देणे. आपल्याकडे तो पोर्तुगीजांकडून आला म्हणे, साबण, चावी, बटाटा यांच्याबरोबर. मी काउंटरवर पगार करते, इकडे सगळे करतात, फक्त मला कोणी देत नाही.

आता तुझ्याबद्दलची गोष्ट. इथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, पहिलं बहुतेक वडिलांचं, दुसरं आईचं (क्रम आता बदलता येतो), आणि लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नाही, मरेपर्यंत तेच. त्यामुळे कुठलाही फॉर्म भरायला घेतला की नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. एका ऑफिसात माझा फॉर्म पुढेच सरकेना. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या दुसरं आडनाव कुठंय? मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या असं कसं नाही, तुला आई नाही का? मी म्हटलं आहे, पण तिचं आडनाव पण देवरेच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू आई-बाबा सख्खे भाऊबहीण आहेत. मग मागची रांग कुरकुरायला लागली, मी घाबरून लिहून टाकलं शेवाळे. तीन आठवड्यांनी कार्ड आलं, मृणाल भास्कर देवरे शेवाळे. अर्थातच पासपोर्टशी जुळेना, परत अपॉइंटमेंट, परत चार तास, परत फोटो, एवढी चिडले होते की विचारू नकोस. पण जुनं कार्ड परत देताना आधी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवला. दादा तो पण प्रिंट कर. आई, लग्नाला एकतीस वर्षं झाली तुझ्या, शेवटचं कधी लिहिलं होतंस गं तू शेवाळे?

माझ्या मजल्याखाली आम्पारो आजी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. मी स्पॅनिश शिकले ते पुस्तकातून, मोठ्यांना 'उस्तेद' म्हणायचं म्हणजे आपलं तुम्ही. तर मी जिन्यात त्यांना अगदी आदराने उस्तेद म्हटलं आणि त्या म्हणाल्या, मी काय एवढी म्हातारी दिसते? तू म्हण. आमच्या विभागाच्या सरांनाही सगळी पोरं नावाने हाक मारतात आणि तू म्हणतात. अगं, माझी जीभच वळत नाही. मी कर्त्याशिवाय वाक्यं करते, म्हणजे तूही नको आणि तुम्हीही नको, पण स्पॅनिशमध्ये क्रियापदच चुगली करतं.

आम्पारो आजी घरच्यांशी बोलतात ती भाषा स्पॅनिश नाही, वालेन्सियन. रस्त्यांची नावं, शाळा, कॉलेजच्या पाट्या, सगळीकडे आहे. मी सहा महिने घासून स्पॅनिश शिकले आणि बाजारात आल्यावर ही दुसरीच. म्हणजे कोणी पुण्यात मराठी शिकून आपल्या आजीसमोर येऊन बसावं आणि तिने अहिराणी सुरू करावी, तसं झालं.

गुरुवार मी अजून पाळते. पण पहिल्याच गुरुवारी घोळ झाला. कँटीनमध्ये पाटीवर 'व्हेजेताल' लिहिलेला पाव दिसला, म्हटलं चला, साबुदाणा नाही तर निदान शाकाहारी तरी. दुसऱ्या घासाला कळलं आत मासा आहे. विचारलं तर तो मुलगा निरागसपणे म्हणाला, हो, व्हेजेतालच आहे, सॅलड आहे की आत, आणि थोडा टूना. मांस म्हणजे यांच्या लेखी गाय-डुक्कर, मासा त्यात धरतच नाहीत. शेवटी मला उपासाचं सापडलं ते ओर्चाता. आबा, हे तुम्ही ऐका. चुफा नावाचे छोटे कंद असतात, हरभऱ्याएवढे, ते भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून थंडगार दुधासारखं पेय करतात, दूध मात्र त्यात थेंबभर नाही. आमच्या शेजारच्या आल्बोराया गावात त्याची शेतंच्या शेतं आहेत. मी जाऊन रोप बघितलं आणि खाली बसले. तो चक्क आपल्या लव्हाळ्याचा भाऊबंद! ज्याला तुम्ही आयुष्यभर शिव्या घातल्या, खुरपून खुरपून बोटं सोलली, त्याच्या भावकीतलं गवत ही माणसं मुद्दाम लावतात, पाणी देतात आणि ग्लासाला पैसे घेतात. कंद आहे म्हणजे उपासाला चालतं, असं मी परस्पर ठरवलंय.

रविवारी आम्पारो आजींच्या मुलाने जेवायला बोलावलं, शहराबाहेर त्यांचं जुनं घर आहे, बाजूने पाट वाहतो. पाएया. तो भात मुलगाच करतो, रविवारचा पाएया बहुतेक घरात पुरुषांचा मान. संत्र्याच्या लाकडाचा जाळ, त्यावर कढई नाही, परातच म्हण, सायकलच्या चाकाएवढी. कोंबडी, ससा (ससा मी बाजूला काढला, देवाशप्पथ), चपट्या हिरव्या शेंगा, पांढरे पावट्यासारखे मोठे दाणे, टोमॅटो, केशर. कांदा नाही! वाटाणा घातला तर भांडण होतं. तांदूळ एकदा पसरला की हात लावायचा नाही. हे मला कोण सांगणार, मला वाटलं खाली लागतोय, मी आपली मदत म्हणून उलथनं घेऊन पुढे गेले आणि अंगणातली अकराच्या अकरा माणसं एकदम ओरडली. कारण तो खाली लागायलाच हवा असतो. ती खरपुडी म्हणजे 'सोकार्रात', तीच खरी मेजवानी. ताटं नाहीतच, सगळे परातीभोवती बसतात, प्रत्येकाने आपल्या समोरच्या भागातून चमच्याने मध्याकडे खात जायचं, दुसऱ्याच्या हद्दीत घुसायचं नाही. शेवटी आजींनी खरपुडीचा एक पापुद्रा खरवडून माझ्या बाजूला सरकवला. आपली आजी मला भाताच्या पातेल्यातली खरपुडी तूप-मीठ लावून द्यायची ना, ते आठवलं आणि मग पाणी प्यायच्या निमित्ताने मला जरा आत जावं लागलं.

साडेतीनला बसलो ते सातला उठलो. जेवण संपलं होतं चारलाच. नंतरच्या बसण्याला 'सोब्रेमेसा' म्हणतात, संत्री, कॉफी, मग परत कॉफी, मग कोणाच्या तरी जमिनीच्या वाटणीची गोष्ट. आपण हात वाळेपर्यंत गप्पा मारतो तेच, फक्त यांनी त्याला नाव दिलंय. हॉटेलातही तसंच, तू मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, लवकर आणलं तर घालवून दिल्यासारखं होतं.

आता आबांचं. दादा, इथून सावकाश वाच.

आबा, या देशात वेळेवर होणारी एकच गोष्ट मी पाहिली, ती दर गुरुवारी दुपारी बाराला. इथल्या मोठ्या चर्चच्या दारात पाण्याचं कोर्ट बसतं. खरंखुरं कोर्ट. तुरिया नदीवरून आठ पाट निघतात, पाटाला इथे आसेकिया म्हणतात, शब्द अरबांचा, कारण पाट त्यांच्या काळापासूनचे. प्रत्येक पाटाचा एक पंच, तो शेतकरीच असावा लागतो आणि पाटावरच्या शेतकऱ्यांनीच निवडलेला. आठ खुर्च्या अर्धगोलात मांडतात, घंटेचे बारा ठोके पडले की काळे डगले घातलेले आठजण येऊन बसतात. मग एक शिपाई पितळी आकड्याची काठी घेऊन उभा राहतो आणि एकेका पाटाचं नाव पुकारतो, क्वार्त, मग बेनाजेर, तोर्मोस, मिस्लाता, असं आठव्या रोवेयापर्यंत, कोणाची तक्रार आहे का? मी आजवर चार गुरुवार गेले, आजचा धरून. चारही वेळा कोणीच पुढे आलं नाही. पाच-सात मिनिटांत सगळे उठून गेले आणि फोटो काढायला आलेले टुरिस्ट एकमेकांकडे बघत राहिले, झालं एवढंच?

तक्रार असली तर वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी. ज्या पाटाचं भांडण त्याचा पंच निकालात बोलायचा नाही, नदीच्या पलीकडच्या काठचे पंच ठरवतात. निकाल तिथल्या तिथे आणि त्यावर अपील नाही. अध्यक्ष कोणाला बोलायला सांगताना हात नाही करत, पायाने खूण करतो! २००९ साली युनेस्कोने याला वारसा म्हणून मान दिला. आणि गंमत म्हणजे ती नदी आता शहरातून वाहतच नाही. १९५७ ला मोठा पूर आला, मग तिला दक्षिणेकडून नवं पात्र खणून दिलं आणि जुन्या पात्रात आता बाग आहे, पोरं फुटबॉल खेळतात. तुम्ही टीव्हीवर बघितलात तो पूर २०२४ चा, तो त्या नव्या पात्राच्या पलीकडच्या गावांत घुसला, दोनशेच्या वर माणसं गेली. तिकडच्या भिंतींवर काही ठिकाणी चिखलाची रेघ अजून दिसते, माझ्या खांद्याच्या वर.

तर आज माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी उभे होते, तुमच्याएवढेच असतील, टोपी हातात. त्यांनी विचारलं कुठली तू. मी सांगितलं, आमच्याकडेही पांझरा नदीवर असंच आहे, बंधारा, त्यावरून पाट, पाटाखाली फड म्हणजे शेतांचे गट, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि माझे आबा पाटकरी होते, पाटाचं पाणी सांभाळणारे. बारेकरी, हवालदार, जागल्या, पाणी-पीक राखणारी सगळी माणसं सांगितली, माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये. जागल्याला शब्द सापडेना तर झोप न येणारा माणूस असं म्हटलं. ते इतके खूश झाले की बायकोला हाक मारून परत पहिल्यापासून सांगायला लावलं. मग त्यांनी नेमकं विचारलं, तुमच्याकडे कोणी रात्री चोरून पाणी फिरवलं तर दंड काय? आणि मला सांगता येईना. लहानपणी पाटावर तुमच्या मागे मागे फिरले, पण हे कधी विचारलंच नाही.

ते म्हणाले मी पुढच्या गुरुवारी पण येणार आहे.

तर आबा, दादाच्या फोनमध्ये बोलून पाठवा. दंड काय होता, पैसे की धान्य, कोण ठरवायचं, आणि तुम्ही स्वतः कोणाला पकडलं होतं का. नावं घेतलीत तरी चालेल, इथे कोणी ओळखत नाही. फक्त बुधवारच्या आत पाठवा, मला भाषांतर करायला वेळ लागतो.

आई, आत्ता साडेनऊ वाजलेत, खिडकीत अजून थोडा उजेड आहे. मुगाची खिचडी लावलीये. दोन शिट्ट्या झाल्या.

तुझी,
मृणाल देवरे शेवाळे