‘गट माहीत आहे, मग तासभर कशाला?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचं रक्तपेढीबद्दलचं तक्रारपत्र आलं होतं. रुग्णाचा गट बी पॉझिटिव्ह, तसं कार्ड खिशात, फ्रिजच्या काचेतून बी पॉझिटिव्हच्या पिशव्या समोर दिसताहेत, आणि खिडकीतला माणूस म्हणतो, ‘बसा, तासभर लागेल.’ वर वॉर्डातून दुसऱ्यांदा रक्त काढून आणायला लावलं. गट जुळतोय तर हा वेळकाढूपणा कशासाठी, असा त्यांचा सवाल. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी तीस वर्षं काढली. हा सवाल रोज कानावर यायचा, आणि मागे सेंट्रिफ्यूज (नमुना जोरात फिरवून पेशी तळाला बसवणारं मशीन) फिरत असताना त्याचं धड उत्तर द्यायला कधी सवड मिळाली नाही. आता निवृत्त आहे, सवडच सवड आहे.

आधी कार्डाबद्दल. ते आम्ही बघत नाही, आणि बघितलं तरी त्यावर विसंबत नाही. गट कधी काढला, कुणी काढला, कशावर काढला, हे कार्ड सांगत नाही. बोटाच्या थेंबावरून काचपट्टीवर काढलेला गट बहुतेक वेळा बरोबर निघतो. पण रक्त चढवताना ‘बहुतेक वेळा’ चालत नाही. म्हणून गट नव्याने आणि दोन बाजूंनी काढतात. एकदा रुग्णाच्या तांबड्या पेशींवर अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-डी, म्हणजे त्या त्या गटाच्या पेशींच्या गाठी करणारी द्रव्यं, टाकून बघायचं. मग उलट्या बाजूने, रुग्णाच्या सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पिवळसर पाण्यात, ठाऊक असलेल्या ए, बी आणि ओ गटाच्या पेशी टाकायच्या. बी गटाच्या माणसाचं सिरम असेल तर ए गटाच्या पेशींच्या गाठी व्हायलाच हव्यात. दोन्ही उत्तरं एकमेकांशी पटली तरच वहीत गट चढतो. तान्ह्या बाळांत मात्र पहिले चार-सहा महिने ही उलटी बाजू भरवशाची नसते, कारण त्यांच्या स्वतःच्या अँटीबॉडी तयार व्हायच्या असतात.

ही उलटी बाजू किती कामाची, त्याचं आपल्याकडचंच उदाहरण आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांच्या पेशी पाहिल्या तर गट ओ वाटावा, पण सिरम मात्र ओ गटाच्या पेशींच्याही गाठी करतं. हाच तो बॉम्बे गट. अशा माणसाला ओ गटाचं रक्त चालत नाही, दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचंच लागतं. त्याच्या कार्डावर मात्र ठळक अक्षरांत ‘ओ पॉझिटिव्ह’ असू शकतं, आणि घरचे शपथेवर तेच सांगतात.

आता क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी ताडून बघणं. गट जुळले की झालं, हा समज शंभर वर्षांपूर्वीचा आहे असंही म्हणता येत नाही. तेव्हाच्या शहाण्यांनाही तो पुरेसा वाटला नव्हता. लँडस्टायनर यांनी ए, बी आणि आज ज्याला आपण ओ म्हणतो ते गट १९०१ मध्ये मांडले आणि १९०७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रूबेन ऑटेनबर्ग यांनी रक्त देण्याआधी दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकमेकांशी ताडून बघायला सुरुवातही केली. तत्त्व आजही तेच आहे. पिशवीला नळीची एक लांब शेपटी लोंबत असते, जागोजाग सील केलेली, आणि तिच्या प्रत्येक तुकड्यावर तोच एक नंबर छापलेला. त्यातला एक तुकडा कापायचा, त्यातल्या पेशी धुऊन त्यांचं पातळ द्रावण करायचं आणि त्यात रुग्णाचं सिरम घालायचं. म्हणजे जे उद्या रुग्णाच्या शिरेत होणार, ते आज काचेच्या ट्यूबमध्ये करून बघायचं.

मग यात इतका वेळ कुठे जातो? तर ए-बी-ओच्या अँटीबॉडी मोठ्या असतात, त्या दोन-चार पेशींना एकदम कवेत घेतात आणि गाठी लगेच दिसतात. तेवढंच बघायचं असतं तर पाच-दहा मिनिटांत पिशवी हातात दिली असती. पण रक्तगटांच्या चाळीसहून जास्त प्रणाली आहेत. आधी कधी रक्त चढलं असेल, किंवा बाईला दिवस गेले असतील, तर आरएच, केल, किड असल्या प्रणालींविरुद्ध अँटीबॉडी अंगात तयार झालेल्या असू शकतात. या बारक्या असतात. पेशीला चिकटतात, पण त्यांचे हात इतके आखूड की दुसऱ्या पेशीपर्यंत पोचत नाहीत. ट्यूब हलवली की पेशी सुट्या सुट्या तरंगतात, सगळं ठीक दिसतं, आणि तीच पिशवी चढवली की रुग्णाच्या अंगात पेशी फुटतात. ही लपलेली अँटीबॉडी पकडायची युक्ती १९४५ मध्ये केंब्रिजमध्ये कूम्ब्ज, मोरां आणि रेस यांनी दिली. पेशी आणि सिरम ३७ अंशांना ठेवायचं, अँटीबॉडीला चिकटायला वेळ द्यायचा, मग माणसाच्या अँटीबॉडीलाच पकडणारी दुसरी अँटीबॉडी वरून घालायची. ती मधला पूल होते आणि गाठी दिसू लागतात.

त्या ‘वेळ द्यायचा’मध्ये तुमच्या तासातला बराच वेळ जातो. जेल कार्ड (जेल भरलेल्या बारीक नळ्यांची पट्टी) असेल तर पंधरा मिनिटं उबेत आणि दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये. सुट्या पेशी तळाला जाऊन बसतात, गाठी वर अडकतात. ट्यूबची जुनी पद्धत असेल तर याहून जास्त. ट्यूब उबेत ठेवायच्या गरम पाण्याच्या वॉटर बाथला सांगून तो घाई करत नाही.

जुन्या पद्धतीत एक कंटाळवाणं काम होतं, पेशी सलाईनने निदान तीनदा धुण्याचं. जराही सिरम मागे राहिलं तर त्यातली प्रथिनं ती पूल बांधणारी अँटीबॉडी खाऊन टाकतात आणि उत्तर खोटं ‘निगेटिव्ह’ येतं. म्हणून शेवटी प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये मुद्दाम अँटीबॉडी चढवलेल्या पेशी घालतात, त्यांना आम्ही चेक सेल्स म्हणतो. त्यांच्या गाठी झाल्या तर टेस्ट खरी. एका रात्री खिडकीत चार माणसं घड्याळ दाखवत उभी होती आणि मी तिसरं धुणं उरकलं. उरकलं म्हणजे सलाईन नीट ओतून न टाकताच पुढे गेलो. ट्यूब निगेटिव्ह. चेक सेल्स घातल्या, सेंट्रिफ्यूज केलं, ट्यूब दिव्यासमोर धरून हळूच हलवली. तळाशी बसलेलं पेशींचं बटण विरघळलं, एकही गाठ नाही. म्हणजे मला मिळालेलं निगेटिव्ह निगेटिव्ह नव्हतंच, ते नुसतंच काहीच नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून. बाहेरच्या चौघांना मी काय सांगितलं आठवत नाही, बहुधा ‘मशीनमध्ये अडकलंय’ असं काहीतरी. खरं सांगायला हवं होतं.

मात्र पत्रलेखकांना सर्वांत जास्त ज्याचा राग आला, त्या दुसऱ्या टोचण्यावरच मला जास्त बोलायचं आहे. क्रॉसमॅच कितीही काटेकोर केलं तरी एक गोष्ट त्याला कळत नाही: ट्यूबमधलं रक्त लेबलावरच्या माणसाचं आहे की नाही. आमच्याकडे एकदा संध्याकाळी नमुना आला, गट निघाला ए. नोंदवहीत त्याच रुग्णाचा दोन वर्षांपूर्वीचा गट होता ओ. वॉर्डला फोन केला. पलीकडून ऐकवण्यात आलं की तुमची जुनी नोंद चुकली असेल, रुग्ण थिएटरमध्ये घ्यायचाय, उगाच खोळंबा करू नका. मी अडून बसलो. कुरकुरत दुसरा नमुना आला, गट ओ. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं रक्त या नावाच्या ट्यूबमध्ये गेलं होतं. एकाच ट्रेमध्ये दोघांच्या ट्यूब, लेबलं नंतर टेबलावर बसून लावलेली. जुनी नोंद नसती तर ए गटाची पिशवी त्या ट्यूबशी अगदी बिनचूक जुळली असती, मीच ‘कम्पॅटिबल’ असं लिहून सही केली असती.

हे विरळा नाही. दहा देशांतल्या रुग्णालयांची एक पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात साधारण दोन हजार नमुन्यांत एक असा ट्यूबमध्ये भलत्याचंच रक्त असलेला निघाला. चुकीच्या गटाचं रक्त चढून होणाऱ्या दुर्घटनांत टेस्ट चुकलेली क्वचित असते, माणूस ओळखण्यात चूक झालेली असते. आणि ओ गटाच्या माणसाला ए गटाचं रक्त थोडंसं गेलं तरी पुरतं: थंडी-ताप, कंबरेत कळ, बीपी खाली, लघवी तांबडी, पुढे किडनी बंद. भुलीखाली असलेला रुग्ण तर बोलूही शकत नाही. म्हणून पूर्वीची नोंद नसेल तर दुसरा नमुना, वेगळ्या वेळी काढलेला, मागतात. पहिल्याच वेळी दोन ट्यूब भरून एक मागाहून पाठवण्याची चलाखीही मी पाहिली आहे. तिने काहीच साधत नाही, चूक फक्त दोनदा होते.

याच कारणाने रक्त काढताना आणि पिशवी लावताना सिस्टर नाव विचारतात. ‘तुम्ही अमुकच ना?’ असं नव्हे, ‘तुमचं नाव काय?’ असं विचारायला हवं. गुंगीत असलेला माणूस पहिल्या प्रश्नाला कशालाही हो म्हणतो. तिसऱ्यांदा नाव विचारलं म्हणून चिडणारे नातेवाईक मला कधी समजले नाहीत. न विचारणाऱ्यांवर चिडा.

रक्तपेढ्यांची बाजू सगळीच घेतोय असं नाही. ‘तास लागेल, बसा’ एवढंच सांगणं हा आमचा उर्मटपणा आहे, खिडकीवर चार ओळी लिहून लावता आल्या असत्या. आणि ठरलेल्या ऑपरेशनसाठी हा तास नातेवाइकांच्या वाट्याला यायलाच नको. आदल्या दिवशी नमुना पाठवला, गट आणि अँटीबॉडी स्क्रीनिंग करून ठेवलं, तर वेळेवर पिशवी काढायला मिनिटं पुरतात. काही देशांत स्क्रीनिंग निगेटिव्ह असेल आणि गट दोनदा निघालेला असेल तर क्रॉसमॅच संगणकच नोंदी ताडून करतो. मात्र गेल्या तीन महिन्यांत रक्त चढलं असेल किंवा रुग्ण गरोदर असेल तर नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही, कारण तेवढ्यात नवी अँटीबॉडी डोकं वर काढू शकते. बहुतेक वेळा वॉर्ड सकाळी साडेनऊला जागा होतो आणि दहाला थिएटर असतं. त्या अर्ध्या तासाचा जाब रक्तपेढीला विचारण्यात अर्थ नाही.

जीव जातोय अशी वेळ असेल तर कुणी तासभर बसवत नाही. डॉक्टरांच्या सहीवर ओ निगेटिव्ह पिशवी तशीच निघते, नळीचा तुकडा मागे ठेवून. पिशवी लागते तिकडे, आणि क्रॉसमॅच इकडे चालू राहतं. काही वावगं दिसलं तर फोन जातो.

पत्रलेखकांचा रुग्ण एव्हाना घरी गेला असेल. त्याच्या नमुन्याची ट्यूब आणि त्या पिशवीच्या नळीचा तुकडा मात्र रक्त चढल्यानंतर निदान सात दिवस रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये जपून ठेवतात. या दिवसांत डोळे पिवळे दिसले किंवा चढलेलं हिमोग्लोबिन कारण नसताना उतरलं, तर त्यांनी डॉक्टरांना सांगून रक्तपेढीला कळवावं. ती ट्यूब बाहेर काढून पुन्हा सगळं बघतात. त्याला पुन्हा तास लागतो.

आपला,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ