टक्क्यांआधी उत्तरपत्रिका वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चाचणीचा पेपर घरी आला की पालकांची नजर सर्वांत आधी वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर जाते. २० पैकी ११. मग ‘बाकीचे ९ कुठे गेले?’ असा रागाचा प्रश्न येतो. प्रश्न बरोबर आहे, फक्त तो शांतपणे आणि पेन्सिल हातात घेऊन विचारायला हवा. त्याचं उत्तर त्याच कागदावर असतं.

एकच गणित बघू. ५०३ वजा २४७. मुलाने लिहिलंय ३४४. वहीत फुली, आणि घरी निष्कर्ष ठरलेला: ‘लक्ष नव्हतं.’ पण लक्ष होतं. एककात ३ मधून ७ जात नाहीत म्हणून त्याने ७ मधून ३ काढले. दशकात ४ मधून ० काढला, शतकात ५ मधून २. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान, हा नियम त्याने इमानेइतबारे पाळला. नियमच चुकीचा होता. अशा मुलाला शिक्षा म्हणून आणखी ५० वजाबाक्या दिल्या तर तोच नियम ५० वेळा घोटला जातो. त्याऐवजी काड्यांचे गठ्ठे घ्या. शंभराचा एक गठ्ठा सोडून दहा-दहाचे १० गठ्ठे करा, त्यातला एक सोडून १० काड्या सुट्या करा. आता ४ शतक, ९ दशक, १३ सुट्या काड्या दिसतात, आणि २५६ हे उत्तर मुलाच्या हातातच येतं. अशा ४ वजाबाक्या पुरतात, मात्र त्या चारही संख्यांत मधे शून्य असू द्या. अडतं ते तिथेच.

गेलेल्या प्रत्येक गुणासमोर मुलाबरोबर बसून एक खूण करा: कळलंच नव्हतं, कळलं होतं पण आठवलं नाही, की प्रश्न वाचताना चुकलं? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि घरोघरी तिन्हींना एकच औषध दिलं जातं: ‘धडा परत वाच.’

परत वाचल्याने धडा ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं, असा मुलाचा प्रामाणिक समज होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. ५ मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. शाळेतली परीक्षा ५ मिनिटांनी नसते. म्हणून पुस्तक मिटवा, कोरा कागद द्या, ५ ते ७ मिनिटांत आठवेल ते लिहू द्या. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने मुलानेच भरायचं. हेच दोन दिवसांनी, मग आठवड्याने. दर वेळी दुसरा रंग कमी होत गेलेला मुलाला स्वतःला दिसतो, ही त्यातली मोठी गोष्ट. बिघडतं ते पालकांच्या घाईने. मूल अडलं की दोन सेकंदांत पहिलं अक्षर सुचवलं जातं, आणि आठवण्याची मेहनत तिथेच संपते. मनात १० पर्यंत मोजा. आणि त्या कागदाला गुण देऊ नका, नाहीतर मूल चोरून पुस्तक बघायला शिकेल.

प्रश्न वाचण्यातली चूक बहुधा एका शब्दात असते. ‘लाल मणी ३५ आहेत; ते निळ्यांपेक्षा ८ ने जास्त आहेत. निळे किती?’ ‘जास्त’ दिसलं की मूल बेरीज करतं, ४३. उत्तर आहे २७. इथे पाढे पाठ करून उपयोग नाही. आकडे झाकून गोष्ट सांगायला लावा: कोणते मणी जास्त, कोणते कमी? ते सांगता आलं की मगच आकडे उघडा.

जे कळलंच नव्हतं ते शिक्षकांकडे न्या, पण नेमकं करून. ‘अभ्यासात कसा आहे?’ विचारलं तर ‘ठीक आहे’ एवढंच मिळतं. ‘मधे शून्य आलं की वजाबाकी अडते, वर्गात कोणती रीत शिकवता?’ असं विचारा आणि घरी तीच रीत ठेवा. शाळेची एक आणि घरची दुसरी अशा दोन रीतींत अडकलेलं मूल दोन्ही अर्धवट वापरतं.

फळ्यावरून उतरवताना ६ चे ८ होतात पण पुस्तकातून उतरवताना होत नाहीत, असं दिसलं तर शिकवणी लावण्याआधी डोळे तपासून घ्या. श्रुतलेखनातच चुका होत असतील तर कानही. झोपेचा हिशोबही कागदावर मांडा: अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांसाठी ८ ते १० तास सांगितले आहेत. सकाळी ६ ला उठणारं १० वर्षांचं मूल रात्री ९ ला झोपलेलं हवं, अंथरुणात शिरलेलं नव्हे.

शेवटी गृहपाठाबद्दल कळकळीने लिहायचं आहे. रात्री पालक चुका खोडरबरने पुसतात, उत्तर सांगतात आणि सकाळी निर्मळ वही शाळेत जाते. शिक्षकांना वाटतं, सगळ्या वर्गाला आलं. ते पुढचा धडा घेतात. चूक वहीतच राहू द्या. मदत केलीच असेल तर त्या उदाहरणाशेजारी समासात पेन्सिलने एक टिंब द्या आणि टिंबाचा अर्थ शिक्षकांना आधीच सांगून ठेवा. पाच टिंबं एकाच प्रकारच्या उदाहरणांपुढे आली की उद्या वर्गात काय पुन्हा घ्यायचं ते त्यांना वही उघडताक्षणी कळेल.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका