बोअर मारण्याआधी खालून बोगदा जातोय का हे कोण बघणार?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोअरवेलचा विषय निघाला. फ्लशला आणि गाड्या धुवायला पाणी होईल, टँकरचा खर्च वाचेल असं सगळ्यांचं म्हणणं. एजंट 350 फुटांचं कोटेशन घेऊन आला होता, केसिंग किती फूट, पंप किती हॉर्सपॉवरचा सगळं लिहिलेलं. मी त्याला विचारलं, खालून पालिकेचा पाण्याचा बोगदा जात असेल तर? तर म्हणाला, "साहेब तो लय खोल असतो, आपलं बोअर तिथवर पोचतच नाही." निम्म्या लोकांनी माना डोलावल्या आणि विषय पुढे गेला. म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

ठाण्याचं सगळे इतक्या लवकर विसरले का? वागळे इस्टेट भागात बोअर मारताना मुंबईला पाणी आणणाऱ्या बोगद्यालाच भोक पडलं होतं. साडेपाच मीटर व्यासाचा बोगदा, म्हणजे आतून बेस्टची डबलडेकर जेमतेम जाईल एवढा, आणि जमिनीखाली शंभर मीटरच्या आसपास. आता शंभर मीटर म्हणजे सव्वातीनशे फूट, आणि आमच्या एजंटचं कोटेशन 350 चं आहे! त्यामुळे बोअर तिथवर पोचत नाही हे म्हणणंच चुकीचं आहे.

त्या एका भोकापायी पूर्ण बोगदा बंद करून रिकामा करायला लागला, कारण पाणी भरलेलं असताना आत उतरून काम करता येत नाही. तेवढे दिवस पाणी जुन्या पाइपलाइनवर वळवलं, त्या तेवढं पाणी वाहून नेऊ शकत नाहीत, म्हणून 31 मार्च 2023 पासून अख्ख्या मुंबईत 15 टक्के कपात जाहीर झाली, तीही महिनाभरासाठी, ऐन उन्हाळ्यात. 15 टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, पण आमच्याकडे प्रेशर एवढं कमी झालं की खालची टाकी भरायचीच नाही. वॉचमन खुणा केलेला बांबू टाकीत सोडून बघायचा, रोज तिसऱ्या खुणेपर्यंत येणारं पाणी दुसरीच्याही खाली, मग सेक्रेटरी पंप दहा मिनिटं आधीच बंद करायचे. चौथ्या मजल्यावर माझी आई सकाळी साडेपाचला उठून बादल्या, पातेली, अगदी डबेसुद्धा भरून ठेवायची. तिचे गुडघे दुखायचे ते मी बघितलेत.

तेव्हा मी जरा माहिती काढली तर कळलं की आमच्या वाकोल्यातूनच एक बोगदा जातो, मरोशीहून वाकोला, माहीम करत रुपारेल कॉलेजपर्यंत. इतकी वर्षं इथे राहतोय, पत्ताच नव्हता. सोसायटीतल्या इतरांनाही नव्हता, आणि एजंटलाही नसणारच, त्याला कोणी सांगितलंय?

बोगदे बांधले हे चांगलंच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. तानसा तलावाच्या जमिनीवरच्या जुन्या पाइपलाइनींना लागून वस्त्या झाल्या, गळती, चोरी सगळं होतं, बोगद्यात ते फारसं नाही. एवढ्या खोल कातळात मशीनने मीटर मीटर करत खोदून आतून काँक्रीटचं अस्तर देणारे इंजिनिअर आणि कामगार यांना मी मनापासून मानतो. पण ती वर्षांची मेहनत एक रिग, म्हणजे बोअर मारायचं मशीन, एका दुपारी फोडते आणि अडवायला कोणीच नसतं, हे मला सहन होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की बोअरची परवानगी देताना पालिकेच्या जल विभागाने ती जागा बोगद्याच्या नकाशावर ताडून बघितलीच पाहिजे, ठाणे आणि भिवंडीच्या हद्दीतसुद्धा, कारण मुंबईचं पाणी तिकडूनच येतं. सुरक्षेसाठी पूर्ण नकाशा लोकांना देता येत नसेल तर देऊ नका, पण प्लॉट नंबर टाकला की "इथे खोदू नका" एवढं तरी ऑनलाइन कळू दे. रिगवाल्यांची नोंदणी करा, परवानगीचा कागद दाखवल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. आणि मुख्य बोगद्याला पर्यायी दुसरा बोगदा असलाच पाहिजे, नाहीतर प्रत्येक रिपेअरला कपात ठरलेली.

आमच्या सोसायटीपुरतं म्हणाल तर जल विभागाचं लेखी उत्तर येईपर्यंत मी कोटेशनवर सही करणार नाही, असं कमिटीला कळवलंय. अर्ज सोमवारीच दिला आहे.

आपला नम्र,
एक वाचक, वाकोला, सांताक्रूझ पूर्व