सांगलीच्या आठ वर्षं आधी

क्रागुयेवात्स, सर्बिया
16 फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल आणि आज इथे राष्ट्रीय सुट्टी, कारखाना बंद, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. हे फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्याच वाक्याला भांडायला उठला असतात. पत्राचं बरं असतं, मध्ये तोडता येत नाही.

तर बाबा, ह्या गावचं नाटकघर 1835 चं. आपल्या सांगलीचं 'सीतास्वयंवर', मराठीतलं पहिलं नाटक, 1843 चं. आठ वर्षं!

युरोपात काय नवल, असं म्हणू नका. सर्बिया तेव्हा तुर्कांची मांडलिक होती. राजा मिलोश ओब्रेनोविच म्हणजे आपल्या भाषेत संस्थानिकच, आणि त्याला लिहितावाचता येत नव्हतं. क्रागुयेवात्स ही त्याची राजधानी. राजधानी म्हणजे वाडा असावा, पलटण असावी, बँड असावा, आणि नाटकही असावं! आपल्या सांगलीचे राजे आप्पासाहेब पटवर्धन, त्यांनी नाटक करायला विष्णुदास भाव्यांना हाताशी धरलं, तसा ह्याने योआकिम वुयिचला धरला.

हा वुयिच मला भारी आवडला. भाषा शिकवून पोट भरणारा, गावोगाव हिंडणारा, जर्मन नाटकं आपल्या भाषेत आणून बसवणारा माणूस. 1813 मध्ये त्याने हंगेरीतल्या पेश्त शहरात सर्बियन भाषेत प्रयोग लावला होता. म्हणजे हक्काच्या नाटकघराचा संचालक व्हायला पुढची बावीस वर्षं गेली, तेव्हा गडी बासष्ट वर्षांचा. तुम्ही निवृत्तीनंतर 'आता कसलं नाटक' म्हणून पेटी माळ्यावर टाकलीत, म्हणून मुद्दाम सांगते.

जागा मिळाली ती सरकारी छापखान्याच्या इमारतीत. नट कुठून आणायचे? गावात दोन वर्षांपूर्वी हायस्कूल निघालं होतं, तिथली पोरं उचलली आणि जोडीला काही कारकून घेतले. बायकांची कामं पोरंच करायची. (हेही आपल्यासारखंच!) संगीत योसिफ श्लेझिंगर नावाच्या ज्यू बँडमास्तरचं. फेब्रुवारीत देशाची पहिली राज्यघटना मंजूर करायला गावात मोठी सभा भरली होती, त्याच दिवसांत हे प्रयोग झाले. म्हणजे दिवसा घटना, रात्री नाटक. तुर्क, रशिया, ऑस्ट्रिया सगळ्यांनी डोळे वटारले आणि घटना काही आठवड्यांत गुंडाळावी लागली. नाटकघरही फार तगलं नाही. 1841 ला राजधानी बेलग्रेडला गेली आणि हे आपलं आडगाव झालं.

मग 'पहिलं, पहिलं' म्हणून मिरवायचं कशाला, असं मी ऑफिसातल्या एका बाईंना विचारलं. त्या माझ्याकडे, तुम्ही पुणेकरांकडे बघता तशा बघायला लागल्या. बेलग्रेडचं राष्ट्रीय नाटकघर 1868 चं, म्हणजे ह्यांच्यानंतर तेहतीस वर्षांनी. राजधानी गेली तरी हा आकडा कुणाला नेता आला नाही, त्याचीच ही मिजास. पुढे परत सुरू झालेल्या नाटकघराला अधली काही वर्षं वुयिचचं नाव होतं, पण 2007 पासून परत जुनंच लावलंय : क्न्याझेव्स्को-सर्प्स्की तेआतार, राजाचं सर्बियन नाटकघर. राजा कधीच गेला, नाव मात्र हट्टाने परत आणलं. काल, 15 तारखेला, नाटकघराचा वाढदिवस होता. त्या दिवशी वुयिचच्या नावाचा पुरस्कार देतात. मला आपला 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आठवला, भावे पदक, आणि पुढची खुर्ची धरायची म्हणून तासभर आधी निघणारे तुम्ही.

आता एक गोष्ट, जी आईला वाचून दाखवू नका. त्या हायस्कूलचं सांगितलं ना? ऑक्टोबर 1941 मध्ये जर्मनांनी ह्या गावात बदला म्हणून सुमारे 2,800 माणसं गोळ्या घालून मारली. एका मेलेल्या जर्मनामागे शंभर, जखमीमागे पन्नास असा हिशोब. हायस्कूलची पोरं आणि मास्तरही त्यात होते. जिथून वुयिचने नट उचलले, तीच शाळा. गावाबाहेर शुमारित्सेला, तुटलेल्या पंखासारख्या पांढऱ्या स्मारकापुढे, दर 21 ऑक्टोबरला उघड्यावर कार्यक्रम होतो. त्याला 'मोठा तास' म्हणतात, शाळेतल्या तासासारखा. कविता, गाणं, नाट्य, सगळं त्यात. मी गेल्या वर्षी गेले होते. भाषा निम्मी कळली नाही, पण शेजारचे आजोबा टोपी काढून उभे होते, म्हणून मीही पूर्ण वेळ उभीच राहिले.

इथल्या नाटकाला मी अजून तीनदाच गेले आहे. लोक ठेवणीतले कपडे घालून येतात, मध्यंतरात वडा नाही, आणि शेवटी टाळ्या थांबतच नाहीत, नट पाच पाच वेळा बाहेर येतात.

ऑफिसातल्या त्या बाईंना सांगली दाखवायची आहे. भावे नाट्यमंदिराचा समोरून एक चांगला फोटो काढून पाठवा. फलक पूर्ण दिसायला हवा, आणि स्कूटर मध्ये नको.

तुमची,
धाकटी

ता. क. माळ्यावरची पेटी खाली काढलीत तर तिचाही फोटो पाठवा.