जुन्या घरांचे मागीलदार कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गोव्यातल्या जुन्या घरांची छायाचित्रे पाहिली. बाल्कांव म्हणजे दारापुढचे बसण्याचे सोपे, शिंपल्यांच्या खिडक्या, राजांगणातले म्हणजे मधल्या चौकातले तुळशीवृंदावन, सगळे देखणे. स्वयंपाकघराचे मात्र एकही चित्र नाही. माझी उभी नोकरी सरकारी इमारतींचे नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे घर पाहताना नजर आधी मागीलदारी जाते. म्हणून हा पत्रप्रपंच.

माझी मुलगी वेल्समध्ये असते. तिच्याकडे गेलो असताना केरेडिगियन परगण्यातले लानेर्खायरॉन हे घर पाहिले. वास्तुविशारद जॉन नॅशने ते १७९० च्या दशकात ल्युईस घराण्यासाठी बांधले. लंडनचा रीजंट स्ट्रीट आणि बकिंगहॅम राजवाडा यांच्याशी ज्याचे नाव जोडले जाते तोच हा नॅश; पण १७८३ मध्ये दिवाळे निघाल्यावर लंडन सोडून तो कार्मार्थेनला आला होता आणि तुरुंगांची कामे घेऊन पुन्हा उभा राहत होता. पुढून हे घर साधेच आहे. दोन मजले, गिलावा केलेल्या भिंती, वर स्लेटचे छप्पर. आपल्याकडचा एखादा भाटकार, म्हणजे जमीनदार, म्हणेल, ‘इतकेच?’

खरा ऐवज मागे आहे. मागच्या चौकाभोवती दूधदुभत्याची, कपडे धुण्याची, बिअर करण्याची, मांस खारवण्याची अशा वेगवेगळ्या खोल्या. त्यापलीकडे भिंतीबंद बागा आणि घरची शेती. घर स्वतःचे पोट स्वतः कसे भरत होते, ते तिथे चालता चालता कळते. दिवाणखान्यापेक्षा या खोल्यांत लोक जास्त रेंगाळत होते, मीही त्यांतलाच.

आता आमच्या फोंडा महालातले कुळागराचे, म्हणजे सुपारीच्या बागायतीतले घर घ्या. न्हाणीत चुलीवर पाणी तापवायचे तांब्याचे मोठे भांडे, म्हणजे भाण, कायमचे बसवलेले. चिऱ्याच्या भिंतीला तळाशी भोक, त्यातून सांडपाणी दगडी पन्हळीने थेट केळी-अळवाकडे. म्हणजे न्हाणी कुठल्या कोपऱ्यात काढायची हे जमिनीचा उतार ठरवी, घरमालक नव्हे! स्वयंपाकघरात चुलीवर माळा, माळ्यावर सोले आणि बियाण्याचे दोडके. धूर कौलांच्या फटींतून बाहेर जाई आणि जाता जाता वाशांना कीड लागू देत नसे. वर्षाचे भात कोठारात, सुपारी मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात. हे सगळे कुठल्या वास्तुविशारदाने आखलेले नाही, म्हणूनच त्याचा नकाशा कुठेच नाही.

आमच्या भागातले असे एक घर बाहेरच्या गिऱ्हाईकाने घेतले. दर्शनी भाग झकास रंगवला. न्हाणी आणि कोठार पाडून तिथे पोहण्याचा तलाव केला, पन्हळ बुजली. दारावर पाटी ‘हेरिटेज’ची. त्याने काही बेकायदा केले असे मी म्हणत नाही. पैसे त्याचे, घर त्याचे. निदान पाडण्याआधी कुणी टेप लावून मोजून ठेवले असते तर!

जुनी घरे जपणारा तिकडच्यासारखा ट्रस्ट आपल्याकडे का नाही, असे लगेच विचारले जाईल. लानेर्खायरॉनच्या शेवटच्या मालकाने १९८९ मध्ये अख्खी इस्टेट मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टला दिली. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसा कायद्याने मुलेबाळे असताना निम्म्याहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. त्यातून नवरा-बायकोची मालकी सहसा समाईक. कायदा मला मुळीच वाईट वाटत नाही, त्याने मुलींना हक्काचा वाटा दिला. पण दोन-तीन पिढ्यांत एका घराचे वीस-पंचवीस वाटेकरी होतात, अर्धे मुंबईला, काही लिस्बनला. दुरुस्तीला सही कुणाची घ्यायची? तोवर पावसाळे आपले काम करतात, आणि आधी पडते ते मागीलदारच.

म्हणून मागणे छोटेच आहे. जुन्या घराच्या दुरुस्तीचा किंवा पाडकामाचा परवाना देताना पंचायतीने न्हाणी, कोठार, मांगर आणि पाण्याच्या वाटा दाखवणारा मोजमापाचा नकाशा मागावा. पणजीतल्या आल्तिनोच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयाच्या मुलांना दरवर्षी एकेका गावातली अशी चार घरे अभ्यासाला द्यावीत. वाडवडिलांचे भाण भंगारात घालण्याआधी त्याचा निदान एक फोटो काढा, असे वाचकांनाही सांगतो. फोंडा तालुक्यात कुणाला मोजमापाला मदत हवी असेल तर टेप घेऊन मी यायला तयार आहे; फक्त मागीलदारची किल्ली कुठल्या वाटेकऱ्याकडे आहे, ते घरच्यांनी आधी शोधून ठेवावे.

आपला,
एक निवृत्त आरेखक, म्हार्दोळ