लाल कापड मँचेस्टरचे नव्हे, लेव्हनकाठचे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या मुंबईच्या कापडबाजाराविषयी लिहिताना ‘मँचेस्टरचे लाल कापड’ असा उल्लेख सर्रास केला जातो. आपल्या पुरवणीतल्या लेखातही तो आला, काही वस्तुसंग्रहालयांच्या पाट्यांवरही दिसतो. मँचेस्टरने मुंबईत कोरे, धुवट आणि छापील कापड अमाप ओतले हे खरेच. पण ‘टर्की रेड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पक्क्या लाल रंगाचे सूत आणि कापड बव्हंशी स्कॉटलंडहून यायचे. ग्लासगोच्या वायव्येला लेव्हन नदीच्या खोऱ्यात अलेक्झांड्रिया, बॉनहिल, जेम्सटाऊन आणि रेंटन ही गावे आहेत. त्यांतल्या रेंटनची घडण आणि पडझड समजली की आपल्याकडच्या लाल कापडाचा इतिहासही नीट लागतो.

लेव्हन ही जेमतेम दहा किलोमीटरची नदी. लॉक लोमंड या मोठ्या तळ्यातून निघते आणि डंबार्टनला क्लाइडला मिळते. गाळ तळ्यातच बसत असल्याने नदीचे पाणी बारमाही स्वच्छ असते, शिवाय मृदू. मृदू पाण्यात साबण फुकट जात नाही, म्हणून १७१५ मध्ये डॅल्क्हर्नला कापड पांढरे करण्याचे कुरण सुरू झाले. लिननचे, म्हणजे जवसाच्या धाग्याचे, कापड राखेच्या क्षारपाण्यात उकळायचे, महिनोन्महिने गवतावर उन्हात पसरायचे, मधूनमधून आंबट ताकात बुडवायचे, अशी ती रीत होती. पुढे १७७० च्या सुमारास शेजारी कॉर्डेलला छपाईचा कारखाना आला. दोन्ही ठिकाणे स्टर्लिंग घराण्याच्या ताब्यात गेली. कामगारांना घरे हवीत म्हणून जमीनदारीण जीन टेलफर यांनी १७८२ मध्ये आखीव गाव वसवले आणि त्याला आपल्या सुनेचे माहेरचे आडनाव दिले, रेंटन. (कादंबरीकार टोबायस स्मॉलेट हे या बाईंचे भाऊ, त्यांचा जन्म डॅल्क्हर्नचाच.) सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आणि कायमच्या वार्षिक भाड्याने दिलेले भूखंड, असा आराखडा होता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आणि आयर्लंडमधून माणसे आली आणि गाव भरले.

लाल रंग उशिरा आला. ग्लासगोत १७८५ मध्ये जॉर्ज मॅकिंटॉश यांनी पिएर झाक पापियाँ या फ्रेंच रंगाऱ्याला आणून या रंगाचा कारखाना घातला. लेव्हनच्या खोऱ्यात तो १८२० च्या दशकाच्या अखेरीस रुजला. रीत भलतीच लांबलचक होती, एका मालाला तीन-चार आठवडे लागत. सूत आधी सोड्यात उकळून स्वच्छ करायचे. मग खवट ऑलिव्ह तेल, सोडा आणि मेंढ्यांच्या लेंड्या यांच्या दुधाळ पाण्यात भिजवायचे, उघड्यावर वाळवायचे, वर उष्ण खोलीत तापवायचे. हे चक्र अनेकदा करायचे. तेल खवटच लागे. ताज्या तेलात मोकळी आम्ले कमी असल्याने ते सोड्याशी मिसळून येत नाही, वेगळे तरंगते आणि सुतावर डाग पडतात. सुताला न चिकटलेले तेल पुन्हा धुऊन काढले नाही, तर पुढची तुरटी नीट धरत नाही. आणि तेल प्यायलेले सूत दाबून रचले, तर आतल्या आत तापून पेटण्याचे भय.

त्यानंतर मायफळाचा काढा, मग तुरटी. तुरटीत लोहाचा अंश असला की लाल मळकट होतो, जांभळ्या-तपकिरीकडे झुकतो. म्हणून ती निवडून घ्यावी लागे. शेवटी मंजिष्ठाच्या जातीच्या मॅडर मुळांच्या पुडीत बैलाचे रक्त घालून रंगाई. हौद गार पाण्यापासून हळूहळू उकळीपर्यंत न्यायचा. घाई केली तर रंग वरच्यावर बसतो, पट्टे पडतात. इथे एक गंमत आहे. धुण्यासाठी जे मृदू पाणी वरदान होते, ते रंगाईला अपुरे पडे, कारण हा लाल बसायला ॲल्युमिनियमबरोबर चुनाही लागतो. त्यामुळे हौदात खडू मोजून टाकावा लागे. रंगवलेला माल निघे तपकिरीसर. साबण, सोडा आणि कथलाच्या क्षारात बंद भांड्यात दाबाखाली उकळल्यावर त्याला झळाळी येई. साबण, ऊन आणि उकळते पाणी सोसणारा लाल तो हाच.

छपाई याहून चतुर होती. लाल कापडावर टार्टारिक आम्लाची खळ छापून ते विरंजक चुन्याच्या (ब्लीचिंग पावडरच्या) हौदातून न्यायचे. आम्ल असेल तिथेच क्लोरीन सुटतो आणि लाल उडून पांढरे उमटते, बाकी रंग तसाच राहतो. त्या जागी प्रशियन निळा किंवा शिशाचा क्रोम पिवळा भरायचा. दोन्ही एकत्र आले की हिरवा. हिंदुस्थानच्या बाजारासाठी मोर, कोयरी, बुट्टे असे नमुने काढले जात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात या खोऱ्यातील सुमारे २०० नमुनावह्या आजही आहेत. आपल्याकडच्या बांधणीच्या नक्कलाही ग्लासगोत याच तत्त्वावर होत. शिशाच्या छिद्रपट्ट्यांमध्ये कापडाचे थर दाबून विरंजक द्रव आरपार सोडायचा.

मुंबईशी या व्यापाराचे नाते किती घट्ट होते, हे एका खटल्यावरून कळते. खोऱ्यातल्या ऑर यूइंग कंपनीच्या लाल सुताच्या पुड्यांवर दोन हत्तींची चिठ्ठी असे. मुंबईच्या आणि एडनच्या बाजारात ते सूत ‘बे हाथी’ (दोन हत्ती) म्हणूनच मागितले जाई. जॉन्स्टन नावाच्या पेढीने दोन हत्तींचीच, पण वेगळ्या मांडणीची चिठ्ठी काढली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १८८२ मध्ये निकाल ऑर यूइंगच्या बाजूने लागला. इंग्रजी न वाचणारे गिऱ्हाईक नावाकडे पाहत नाही, हत्तींकडे पाहते, हा विचार त्यात निर्णायक ठरला. व्यापारचिन्हांच्या कायद्यात हा खटला आजही उद्धृत होतो.

मग हे सारे का ढासळले? ‘गिरण्या आल्या म्हणून’ हे उत्तर अर्धेच आहे. ग्रेबे आणि लिबरमान यांनी १८६८ मध्ये मॅडरमधले अलिझारीन हे लाल रंगद्रव्य कृत्रिमरीत्या बनवले. एरंडेलावर गंधकाम्लाची क्रिया करून केलेले ‘टर्की रेड ऑइल’ १८७० च्या दशकात आले. एरंडी मोठ्या प्रमाणावर भारतातूनच जात होती, हा आणखी एक धागा. खवट तेल, लेंड्या आणि आठवडे गेले. काम काही दिवसांवर आले. पण रीत सोपी झाली तशी ती कुणालाही जमू लागली. लांबलचक, गुंतागुंतीच्या कौशल्यावर उभी असलेली मक्तेदारी आतून पोकळ झाली. जर्मन अलिझारीनच्या भावाला शह देण्यासाठी या रंगाऱ्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश अलिझारीन कंपनी उभी केली. पुढे १८९७-९८ मध्ये तीन मोठ्या पेढ्या एक होऊन युनायटेड टर्की रेड कंपनी झाली. तोवर मुंबईच्या गिरण्या आणि इतर देशांचे रंगारी स्पर्धेत उतरले होते. १९१२ मध्ये जर्मनीत नॅफ्थॉल एएस हे नवे कृत्रिम रंगरसायन आले, त्याने जुन्या लालाची गरजच संपवली. खोऱ्यातली कंपनी १९६० मध्ये दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली. त्याच अलिझारीनने आपल्याकडे वऱ्हाडातली आलीची, म्हणजे मुळांपासून लाल रंग देणाऱ्या झाडाची, लागवडही मोडली. जमिनीत तीन-चार वर्षे ठेवून मग खणायची ती मुळे, त्यांना फॅक्टरीच्या पुडीपुढे टिकाव कसा लागणार?

गावाने हे निमूट सोसले नाही. १९११ मध्ये खोऱ्यातल्या रंगकारखान्यांत मोठा संप झाला आणि त्यात स्त्रिया आघाडीवर होत्या. दोन महायुद्धांच्या दरम्यान बेकारी इतकी वाढली की कम्युनिस्टांना मते मिळू लागली आणि खोऱ्याला ‘लिटल मॉस्को’ म्हणू लागले. फुटबॉलच्या शौकिनांना रेंटन वेगळ्याच कारणाने माहीत असेल. या खेड्याच्या संघाने स्कॉटिश कप १८८५ आणि १८८८ मध्ये जिंकला आणि १८८८ मध्ये इंग्लंडचा कप जिंकणाऱ्या वेस्ट ब्रॉमविचला हरवून स्वत:ला जगज्जेते म्हणवले. क्लब १९२२ मध्ये बंद पडला. १९९० च्या दशकापासून कॉर्डेल हाउसिंग असोसिएशन या स्थानिक संस्थेने घरांची कामे हाती घेतली. ग्लासगोहून बॅलकला जाणारी गाडी आजही रेंटनला थांबते.

आता आपल्या वाचकांसाठी. जुन्या बासनाचा, खणाचा किंवा शालीचा लाल कपडा घरात असेल, तर साबणाने धुऊ नका. लाल टिकेल, पण त्यातला प्रशियन निळा क्षाराने तपकिरी होतो आणि क्रोम पिवळा गंधकाच्या धुराने काळवंडतो. पिवळ्यात शिसे असते, म्हणून असा जुना तुकडा हाताळल्यावर हात धुवावेत. पुड्यांवरच्या रंगीत चिठ्ठ्या पाण्याने सोडवू नयेत, लॅमिनेट तर मुळीच करू नयेत. आम्लमुक्त कागदात सपाट ठेवाव्यात आणि मागची बाजूही छायाचित्रात घ्यावी, कारण गठ्ठ्याचा शिक्का बहुधा तिथेच सापडतो. चिठ्ठीवर ग्लासगो, डंबार्टनशायर किंवा अलेक्झांड्रिया असे नाव आढळले, तर संग्रहालयाने पाटीवर ‘मँचेस्टर’ न लिहिता ते नाव लिहावे, एवढीच विनंती.

आपले,
वस्त्ररंगाईचे दोन अभ्यासक, इचलकरंजी